शेपटाकडचं वजन

दुपारी ओले मोजे बदलायला म्हणून मी माळ्यावर चढले, अंथरुणाच्या कडेला टेकले, आणि माळा खाली गेला. फार नाही, बोटभर. एखाद्या म्हाताऱ्याने डुलकी घेताना मान टाकावी तसा, आणि तिथेच थांबला. मी एक मोजा पायात आणि एक हातात अशी बसून राहिले. श्वास सोडला तर आणखी खाली जाईल असं वाटलं, म्हणून तोही कोंडून धरला. खाली टेबलापाशी नान्नान, माझ्या भावाची मुलगी, धडा घोकत होती. तिच्या पुस्तकावर चिमूटभर भुसा पडला असावा, कारण घोकणं मध्येच थांबलं, फुंकर ऐकू आली आणि वर न बघताच तिने विचारलं, "आत्या, वर उंदीर आहे का गं?" "आहे," मी म्हटलं. "मोठा?" "माझ्याएवढा." ती खिदळली आणि पुन्हा घोकायला लागली. मी पोटावर पालथी होऊन, हळूहळू, शिडीपर्यंत सरपटत आले. उतरण्यापूर्वी मागच्या भिंतीकडे बघितलं. आदल्या दिवसापर्यंत तिथे आईची खाट होती, खाटेखाली तिची कापराच्या लाकडाची पेटी होती. आता ती जागा मोकळी होती, आणि तिथे वाशांची शेपटं, म्हणजे मागची टोकं, खालच्या फळ्यांपासून सुटली होती. खिळे वर आले होते. त्यांची डोकी गंजून काळी पडली होती, पण लाकडातून नुकताच बाहेर आलेला भाग नव्या सुईसारखा चकचकत होता.

मला सगळं त्या क्षणी समजलं असं मी म्हणणार नाही. मी मंद आहे, असं आईच म्हणायची. आमची खोली गल्लीतल्या तळमजल्याची, एकच, पण छत उंच. शांघायमध्ये ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे निदान उंची असली तर तो नशीबवान. वडिलांनी लग्नानंतर खोलीच्या मागच्या अर्ध्या भागावर माळा घातला होता. मागचं टोक भिंतीत, पुढचं टोक खोलीच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या जाड तुळईवर. तो माळा भक्कम होता. वडील वारले, आणि मी उत्तरेच्या शेतांवर गेले, सरकार शहरातल्या पोरांना तिकडे राबायला पाठवत होतं. दोन मुलांपैकी एकाने जायचंच होतं, रोंगकांग धाकटा होता, अशक्त होता, मग कोण जाणार हे कुणी विचारलंही नाही. स्टेशनवर ढोल वाजत होते आणि माझ्या छातीवर लाल कागदी फूल होतं. परत आले तेव्हा ढोल नव्हते. रोंगकांग गोदीत वेल्डर झाला होता, त्याची बायको हुइजू होती, त्यांचा मोठा पलंग खाली खिडकीपाशी होता, आणि नान्नान पोटात होती. आई वर माळ्यावर. मी दारात पिशवी घेऊन उभी राहिले तेव्हा हुइजूने आधी माझ्याकडे बघितलं नाही, खोलीकडे बघितलं. डोळ्यांनी ती पलंग सरकवत होती, कपाट सरकवत होती. मग तिने आल्याचा चहा केला आणि म्हणाली, "ताई, दमला असाल, बसा," आणि बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही दोघीही हसलो.

आईचा माळा एका खाटेपुरता. दुसरी खाट मावेना. तेव्हा रोंगकांगने ठरवलं, माळा पुढे वाढवायचा. गोदीत परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या मिळायच्या, त्या त्याने आणल्या. माझ्या तेव्हाच्या उशाच्या फळीवर अजूनही उलटा छापलेला छत्रीचा शिक्का आहे, भिजू देऊ नका अशा अर्थाचा, आणि मी छत्र्यांच्या कारखान्यात कापड शिवते, त्यामुळे गल्लीत त्यावर बरेच विनोद झाले. लांब वासे त्याने जुन्या माळ्यावरच आडवे टाकले, एक टोक आईच्या खाटेखाली, दुसरं टोक तुळईच्या पुढे, टेबलाच्या वर, हवेत. त्यावर फळ्या. वेल्डर माणूस, लोखंड जोडलं की जोडलंच राहतं या सवयीचा. लाकडाला त्याने खिळे मारले आणि तुळईवर हात थोपटून म्हणाला, "आता हत्ती झोपला तरी हलायचं नाही." शेजारच्या शेन आजी दारातून डोकावून म्हणाल्या, "अरे, पुढे खांब नको का? अधांतरी आहे ते." खांब कुठे यायचा, तर घडीचं टेबल उघडतं तिथे. टेबल उघडलं नाही तर जेवायचं कुठे, आणि तो चार बोटं सरकवला तर पलंगातून उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर. हुइजू पोटावर हात ठेवून पलंगावर बसली होती. म्हणाली, "खांब उभा करा ना, जरूर करा. मी त्याच्याशी संसार मांडते. हा नवरा नाहीतरी दिवसभर गोदीतच असतो." सगळे हसले. आई हसली नाही. ती वर बसून खाली डोकावत होती, आणि तिचा चेहरा मला तुळईच्या सावलीत दिसत होता. ती वाशांकडे बघत होती. मग ती म्हणाली, "खांब नको. मी आहे." आम्हाला वाटलं, म्हातारी भांडण मिटवतेय.

त्या दिवसापासून तिचा एक नियम झाला. संध्याकाळी आधी ती वर जाणार, खाटेवर आडवी होणार, पांघरूण ओढणार, आणि मग म्हणणार, "ये आता." सकाळी आधी मी उतरायचं, मग ती. मी एखादे दिवशी कारखान्यातून थकून आले आणि तिच्याआधी शिडीला हात लावला की ती खेकसायची, "घोड्यासारखी पुढे कुठे निघालीस? आधी मी, मग तू." मला राग यायचा. इतकी वर्षं मी उत्तरेच्या बर्फात बीट खणले, तिथे विटांच्या तापत्या ओट्यावर मुलींच्या रांगेत झोपले, कुणाची तंगडी माझ्या पोटावर आणि कुणाचं कोपर माझ्या तोंडात, आणि परत येऊन स्वतःच्या आईच्या घरात झोपायलाही रांग. मी मनात म्हणायचे, हिला मी नको आहे. हुइजूला मी नको हे मला समजत होतं, त्यात तिचं काही चुकतही नव्हतं. पण आईने मला नियम लावावेत? रात्री ती कूस बदलायची, कण्हायची, गुडघे दुमडून घ्यायची. "आई, लघवीला जायचंय का? जाऊन ये ना," मी म्हणायचे. ती म्हणायची, "नाही. तू झोप." पहाटे मी खाली उतरले रे उतरले की ती घाईघाईने शिडीवरून यायची आणि पडद्यामागच्या लाकडी भांड्यावर बसायची, आणि तो आवाज संपायचाच नाही. हुइजू पलंगात तोंड दाबून हसायची. मीही हसले आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, त्या खोलीत हसायला दुसरं होतं तरी काय.

सुचोच्या मावशीने किती वेळा बोलावलं. "ये गं, आठवडाभर राहा, कालव्याकाठी हवा खा." आई कधी गेली नाही. सणाला नाही, मावशीच्या मुलाच्या लग्नाला नाही. "मला घर सोडवत नाही," म्हणायची. हुइजू नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणायची, घर नाही, पेटी सोडवत नाही. कारण ती कापराची पेटी आईने लग्नात आणलेली होती, आणि मी परतल्यानंतर तिने तिला नवं कुलूप लावलं. एकदा कपाट हलवताना रोंगकांगने पेटीला हात लावला, ती जागची हलली नाही. तो खाली येऊन बायकोकडे बघून भुवया उडवत होता. त्या दिवसापासून हुइजू आईशी फार गोड बोलायला लागली. मला वाटतं, मीही थोडी गोड झाले. आजोबांचं ताटवाट्यांचं दुकान होतं म्हणे, नव्या राज्याच्या आधी. कुणास ठाऊक, काय काय पुरून ठेवलं असेल माणसांनी. आई भाजीच्या टोपलीवर पालेभाजी पसरून बाजारातून यायची, घामाघूम, टोपली थेट वर घेऊन जायची. "अगं, खाली ठेव की, मी निवडते," मी म्हणायचे. "वर उजेड बरा आहे," ती म्हणायची. वर उजेड कधीच बरा नव्हता. माळा वाढवल्यापासून खालीही नव्हता.

ती या हिवाळ्यात गेली. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात न्यायला रोंगकांगने हातगाडी आणली तर ती खाट धरून बसली. नंतरनंतर तिच्यात काही उरलंच नव्हतं. मी तिला पुसायला उचलायचे तर हातात उन्हाळी पांघरुणाएवढी लागायची, आणि तरी नियम तोच, आधी मी, मग तू. शेवटच्या संध्याकाळी मी तिच्या पायथ्याशी बसले होते. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "खाली उतर." मी म्हटलं, "असू दे, बसते." "खाली जा. टेबलावर अंथरूण घाल. तिथे झोप." "आई, मला तुझ्याजवळ—" "उतर म्हणते ना." तिच्या आवाजात तो जुना खेकसा आला. मी उतरले. टेबलावर अंथरूण घातलं नाही, स्टुलावर भिंतीला डोकं लावून बसले आणि मनात तिला वाटेल ते बोलले. मरतानाही हिला जागा स्वतःसाठी हवी, असं बोलले. सकाळी रोंगकांग वर गेला आणि त्याने तिथूनच हाक मारली. तिला चादरीत बांधून शिडीवरून उतरवताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. केसांना कापराचा वास होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीला एकाच वेळी घशातून बाहेर पडायचं होतं.

आमच्याकडे दर सातव्या दिवशी मेलेल्यासाठी वाढायचं, आणि सातवा सातवा दिवस झाला की मेलेल्याचं सामान काढायचं. तोपर्यंत खाट, अंथरूण, पेटी, सगळं जागच्या जागी. ते सगळे दिवस मी माझ्या जागी झोपत होते, माळा जरासुद्धा हलला नाही. मोजे बदलायला चढले त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा सातवा होता. अंथरूण गल्लीच्या तोंडाशी जाळलं, खाट मोडून काढली, आणि मग हुइजू हात पुसत म्हणाली, "मग? पेटीचं काय करायचं? म्हणजे, कपड्यांना कसर लागायची." किल्ली आईच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती, ती रोंगकांगने काढून ठेवली होती. आम्ही तिघं माळ्यावर उकिडवे बसलो. खरं सांगते, मी आईचा विचार करत नव्हते. मी विचार करत होते की त्यात जे असेल त्याचे दोन भाग होतील की तीन, आणि माझ्या भागात कुठेतरी एक दार लागणारी खोली येईल का. झाकण उघडलं. वर माझी लहानपणची कापूस भरलेली विजार होती. हुइजूने ती बाजूला केली. खाली विटा होत्या.

नुसत्या विटा. करड्या, ओबडधोबड, काही अर्धवट भाजलेल्या, कडा तुटलेल्या. आम्ही त्या ओळखल्या. युद्ध येणार म्हणून गल्लीगल्लीत भुयारं खणली होती तेव्हा घरोघरी माती मळून भाजलेल्या विटा, युद्ध आलं नाही, उरलेल्यांचा ढीग गल्लीच्या टोकाला मुतारीमागे तसाच पडून होता. प्रत्येक वीट फडक्यात गुंडाळलेली, आवाज होऊ नये म्हणून असेल. फडकी आमच्याच जुन्या कपड्यांची. हुइजू एक एक वीट उचलून खाली बघत राहिली, तळाशी तरी काही असेल म्हणून. तळाशीही वीट. मग ती मागे टेकली आणि तिला हसू फुटलं, ते थांबेचना. "अगंबाई," ती डोळे पुसत म्हणाली, "सासूबाईंनी चांगली ठेव ठेवली. एवढी वर्षं मी या विटांना मांसाचा रस्सा वाढत होते." रोंगकांग म्हणाला, "म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं." मी म्हटलं, "हो." शेन आजींचा मुलगा सामाईक अंगणात धुण्याचा ओटा बांधत होता, त्याला विटा कमी पडत होत्या. संध्याकाळपर्यंत आईच्या सगळ्या विटा त्याने सिमेंटात बसवल्या. मीच शिडीवरून हातोहात दिल्या, आणि त्या रात्री रात्रपाळीला गेले. ओटा छान झालाय. मी आता रोज तांदूळ त्यावर धुते.

त्या दुपारी, मोजा हातात धरून, ते चकचकणारे खिळे बघताना, मला प्रत्येक टोपली आठवली. पालेभाजीखालची. तिचा घाम आठवला, तिने दात आवळून धरलेली लघवी आठवली, आणि ती वाळत गेली तशा टोपल्या वाढत गेल्या हेही आठवलं. आई मेली तेव्हा विटा पुरेशा झाल्या होत्या, म्हणून ती मरू शकली. या वाक्यापाशी मी थांबले, पुढे जाववेना. खाली नान्नान घोकत होती, "माझी मातृभूमी विशाल आहे." तिला माझ्याएवढा उंदीर रडताना दिसू नये म्हणून मी शिडीवर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि बराच वेळ तशीच होते.

संध्याकाळी रोंगकांगने वर जाऊन बघितलं. त्याने पुढच्या बाजूला हाताने दाब दिला आणि मागची शेपटं वर आलेली बघितली, हात सोडला, ती खाली गेली. पुन्हा दाब दिला. लहान मूल चमच्याच्या दांड्यावर बोट ठेवून खेळतं तसं तो किती वेळ करत होता. त्याच्या मानेवर ठिणग्यांचे जुने डाग आहेत, ते लाल होत गेले. त्याला समजलं. तो खाली येऊन जेवायला बसला आणि त्याने भातावर कुजवलेल्या टोफूचा तुकडा घेतला, तो तसाच जेवायच्या काड्यांत धरलेला राहिला. "ताई," तो म्हणाला, "तो ओटा..." "सिमेंट सुकलं," मी म्हटलं. "हं." हुइजूने दोघांकडे बघितलं. "काय झालं? कुणी मेलं का? म्हणजे, आणखी कुणी?" त्याने सांगितलं. ती प्रथम हसायला गेली आणि हसली नाही. तिने वाडगा खाली ठेवला. तिला विटांना वाढलेला रस्सा आठवला असावा. हुइजू बोलत नाही तेव्हा आमची खोली फार मोठी वाटते.

मग आम्ही सगळे उपाय करून बघितले. बांबूचा टेकू दिला, त्यावर दुसऱ्याच दिवशी नान्नानचं कपाळ आपटलं आणि टेबल अर्धंच उघडायला लागलं, तो गेला. पुढचा भाग कापून टाकायचा, तर मी कुठे? आईच्या जागी मागे, हे मी मनात धरून होते, बोलले नव्हते. पण ती जागा हुइजूने मनात धरली होती नान्नानसाठी. पोरगी मोठी होत चालली होती, आईबापांच्या पलंगात किती दिवस? तेही खरं होतं. आमच्या घरात सगळ्यांचं सगळं खरं असायचं, जागा तेवढी खोटी पडायची. "ताई," हुइजू भांडी विसळत, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "पुतोंगचे ते माओ मास्तर अजून विचारतात म्हणे." माओ मास्तरांना मी एकदा बागेत भेटले होते. विधुर, स्वच्छ कॉलर, नदीपलीकडे दोन खोल्या. त्यांनी मला विचारलं होतं, उत्तरेत राहिलात म्हणजे ताकद असेल ना? आई अंथरुणाला खिळली आहे, तिला उचलावं लागतं, मागच्या बाईच्या कमरेने दगा दिला. मी म्हटलं होतं, माझी कंबर बर्फात गेली. ते निराश झाले, पण सभ्य माणूस, मला बसपर्यंत पोचवायला आले. "विचारू देत," मी हुइजूला म्हटलं. ती भांडी विसळत राहिली आणि तिचे खांदे जरासे खाली आले.

उपाय शेवटी तिलाच सुचला. मी मागे, आईच्या जागी. नान्नान पुढे, माझ्या जागी, तिथे खिडकीचा उजेड येतो, अभ्यासाला बरं. "नान्नान चिमणी आहे, तिचं असून असून किती वजन," हुइजू म्हणाली, "आणि ताई, तुमचं चांगलं आहे." मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण माझं काही चांगलं आहे असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं. रोंगकांगने खिळे पुन्हा ठोकले, आणखी लांब घातले. माझी खाट शेपटांवर ठेवली. खाटेखाली रिकामी पेटी, माझे कपडे ठेवायला. पहिल्या संध्याकाळी मी आडवी झाले आणि नान्नान माझ्यावरून ओलांडून पुढे गेली. तिचं अंग तिकडे टेकलं तशी माझ्या पाठीखालून काहीतरी वर यायला निघालं, मला ढोसलं, आणि थांबलं. पाठीच्या मणक्यात ते कळतं. आईला रोज रात्री माझं वजन असं कळत होतं. मी कूस बदलली की तिला कळायचं, मी रडले की कळायचं. मी तिच्यापासून लपवून काय काय रडले होते.

त्यानंतरचे दिवस, विचित्र वाटेल, पण या घरातले माझे सगळ्यात चांगले दिवस. कारखान्यात उशीर झाला की हुइजू दारात उभी असायची. "आलात? पोरगी खोळंबलीय, तुमच्याशिवाय झोपता येतं का तिला." जेवताना लाल मांसाचा चरबीवाला तुकडा, जो इतकी वर्षं रोंगकांगच्या वाडग्यात जायचा, तो माझ्या वाडग्यात यायला लागला. "खा ताई, वाळू नका." रोंगकांग म्हणायचा, "हिला डुकरासारखी पोसतेस की." "पोसते तर. माझी पोर हिच्या जिवावर झोपते." हसायचे सगळे. मीही. शेन आजी म्हणाल्या, "पेइयुन, तुझ्या तोंडावर तेज आलंय, कुठे जमलं की काय?" मी लाजले सुद्धा. सकाळी पडद्यामागे मी भांड्यावर बसले की तो आवाज संपायचा नाही आणि पलंगातून हुइजूचं दाबलेलं हसू यायचं, पण आता ते हसू आपल्या माणसाला हसावं तसं होतं. मी नको होते ते दिवस गेले होते. मी नसले तर चालणार नव्हतं. यापेक्षा जास्त कुणाला काय मिळतं?

आणि मग रोंगकांग विटा आणायला लागला. एका संध्याकाळी सायकलच्या पिशवीतून त्याने दोन काढल्या, नव्या, लाल, कुठल्याशा बांधकामावरच्या, आणि लाजऱ्या मुलासारखं माझ्यासमोर धरल्या. "पेटीत ठेव," तो म्हणाला. "रोज थोड्या आणतो. आईने केलं तसं. तुझ्यावर हे... तुला रात्री उठता येत नाही, मला दिसतं ना." "मला उठावं लागत नाही." "ताई, मला दिसतं. आणि पेटी भरली की तू मोकळी. कधी कुठे जायचं झालं, राहायचं झालं..." "कुठे?" "कुठेही. सुचोला जा मावशीकडे." तो हसला. त्याचे दात वडिलांसारखे आहेत, मधे फट असलेले. मी त्या चेहऱ्याकडे फार वेळ बघितलं. हा माझा भाऊ, ज्याच्याऐवजी मी गाडीत बसले, याला खरंच माझी दया आली होती का? की हुइजूने पाठवलं होतं? की त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, जसं मला विटा शिडीवरून देताना ठाऊक नव्हतं? त्या फटीतून मला काही दिसेना. "बरं," मी म्हटलं आणि विटा घेतल्या. जड होत्या. आईच्या विटांपेक्षा कितीतरी चांगल्या भाजलेल्या.

तो आणत राहिला. मी त्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत राहिले, आणि रात्री आडवी झाले की पाठीखालचं ते वर यायला निघालेलं रोज थोडं कमी ढोसायचं. एके सकाळी मी जागी झाले तर ते ढोसत नव्हतंच. नान्नान पुढे गाढ झोपली होती. मी सावकाश उठून बसले. काही झालं नाही. पाय खाली सोडले. काही झालं नाही. मी शिडी उतरून पडद्यामागे गेले, पुन्हा वर आले, आणि माळा आईच्या सगळ्या विटा परत आल्यासारखा निश्चिंत होता. त्या सकाळी हुइजू न्याहारीचा पाणीभात वाढताना सहज म्हणाली, "ताई, माओ मास्तरांची आई वारली म्हणे. आता उचलायला नको कुणाला." आणि मांसाचा उरलेला तुकडा तिने रोंगकांगच्या डब्यात घातला. त्यात काही नव्हतं. तो दिवसभर लोखंड जोडतो, त्याला लागतंच. पण मी त्या तुकड्याकडे बघत राहिले.

त्याच दिवशी मी पहिली वीट बाहेर नेली. कारखान्यातून शिवायला आणलेल्या छत्रीच्या कापडाखाली, पिशवीच्या तळाशी. आईने आत आणल्या त्याच वाटेने, गल्ली, मुतारी, बाजाराचं तोंड, आणि तिथून कालव्याच्या कठड्यापर्यंत. खाली काळं पाणी होतं. टाकली तर आवाज फार होईल असं वाटलं, म्हणून कठड्यापाशी टेकवून ठेवली आणि कामावर गेले. संध्याकाळी ती तिथे नव्हती. शांघायमध्ये वीट पडून राहत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी नेली. पेटीत वीट काढली की तिच्या जागी माझ्या उत्तरेच्या कोटातला कापूस कोंबते, झाकण उघडलं तर फडकी वर दिसतात. रोंगकांग आणतो, मी नेते. तो विचारतो, "किती झालं?" मी म्हणते, "होतंय." कधी मनात येतं की मी काय करते आहे? पुढे ती पोर झोपलेली असते, हवेत, आणि तिच्याखाली मी एकटीच आहे. मी चार दिवस तापाने पडले दवाखान्यात तर? मी पाय घसरून मेले तर? आई माझ्यासाठी विटा आणत होती, मी या पोरीच्या खालून विटा काढते आहे. मला हे नीट दिसतं. दिसलं म्हणून हात थांबतो असं नाही. मी फक्त काळजी घेते. रस्ता बघून ओलांडते, थंडीत डोकं बांधते, जेवते. सुचोच्या मावशीला कळवलं की मला घर सोडवत नाही.

आज संध्याकाळी पिशवी रिकामी करून आले तर नान्नान शिडीपाशी उभी होती, पाय धुऊन, केस सोडून. "आत्या, आधी तू," ती म्हणाली. तिला हा खेळ आवडतो. मी वर गेले, आडवी झाले, पांघरूण ओढलं. "ये आता." ती माझ्यावरून ओलांडून गेली, तिचा गार पाय माझ्या पोटाला लागला, ती अंथरुणात शिरली. पाठीखालचं उठलं, ढोसलं, थांबलं. "आत्या, बाबा म्हणतात पेटी आता भरत आली." "हो, भरत आली." "भरली की तू खाली झोपणार?" "बघू." "नको," ती झोपेतच म्हणाली, "तू इथेच बरी आहेस." खाली हुइजूने दिवा मालवला. नान्नानचा श्वास लांब झाला. मला लघवीला लागली होती. मी गुडघे दुमडून घेतले आणि तशीच पडून राहिले.